बांधावरून परत आणलेला गोळा

आमच्या हुबळीच्या केशवापुरातल्या शेजारीणबाईंची ठाम समजूत आहे, की मी जन्मभर लोकांचं रक्त नि लघवी तपासली. "शुगर बघायला कधी येऊ हो तुमच्याकडे?" असं त्या अजून विचारतात. मला रिटायर होऊन दोन वर्षं झाली, आणि शुगर तर मी नोकरीत असतानाही कधी बघितली नाही. पूर्वी मी समजावून सांगायची. आता म्हणते, "या की, चहा घेऊ."

मी पॅथॉलॉजिस्ट, पण माझं काम तुकड्यांचं. ऑपरेशनमध्ये माणसाच्या अंगातून जे काही काढतात, ते माझ्या टेबलावर यायचं: अपेंडिक्स, पित्ताशय, गर्भाशय, नाना तऱ्हेच्या गाठी. त्यातून सुपारीएवढे तुकडे कापायचे. ते औषधांतून काढून मेणात बसवायचे. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्या मेणाच्या वडीचे इतके पातळ काप काढायचे की फुंकर मारली तर उडून जावेत. ते कोमट पाण्यावर तरंगत सोडायचे, अलगद काचेवर घ्यायचे, जांभळ्या-गुलाबी रंगात बुडवायचे, आणि मग मी मायक्रोस्कोपला डोळा लावून सांगायचं की ही गाठ साधी की कॅन्सरची. पेशंटला आम्ही दिसत नाही आणि आम्हाला पेशंट दिसत नाही. हुबळीतल्या त्या हॉस्पिटलात तीस वर्षं मी तळमजल्यावर बसले, आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सेसना माझं नाव ठाऊक नव्हतं.

त्या खोलीला वितळलेल्या मेणाचा वास असायचा. आता सगळं यंत्रानं होतं, मेण कधी तापलं हे कळतसुद्धा नाही. पण तेव्हा बसप्पा सकाळी मेणाचा डबा तापवायचा, रेडिओ लावायचा, आणि तो वास नि ती कन्नड भावगीतं मिळून माझा दिवस सुरू व्हायचा. बसप्पा म्हणजे आमचा टेक्निशियन. धारवाडी कन्नड बोलणारा, प्रत्येक वाक्याशेवटी आदरानं 'री' लावणारा, आणि मनात आलेलं तोंडावर बोलणारा. एकदा मायक्रोटोमची स्प्रिंग तुटली. कंपनीचा माणूस म्हणाला, पार्ट यायला दीड महिना लागेल. बसप्पानं यंत्र सायकलच्या कॅरिअरला बांधलं, गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये नेलं, आणि पॉवरलूमची स्प्रिंग कापून बसवून आणली. ती स्प्रिंग मी रिटायर होईपर्यंत चालली. त्याच्या हातचा काप बघितला की मला माझ्या आईची पुरणपोळी आठवायची, कुठे जाड नाही, कुठे फाटलेली नाही.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. धारवाडच्या सुभाष रोडवरचे एक कापडवाले स्वतःचं पित्ताशय लोणच्याच्या बरणीत घेऊन आले होते. ऑपरेशन दुसरीकडे झालेलं, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "हुबळीला नेऊन तपासा." यांनी ते टिकावं म्हणून मीठ-हळद लावून आणलं! बसप्पानं झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि अगदी गंभीरपणे मला म्हणाला, "एण्णी हाकूद मरतार री." म्हणजे, तेल घालायला विसरलेत. शेटजी समोर उभे, मला हसताही येईना आणि हसू आवरेनाही.

असले किस्से मी लग्नाकार्यात खूप सांगितलेत. आज सांगायचं आहे ते मात्र आजवर कोणाला सांगितलं नाही.

दहा-अकरा वर्षं झाली त्याला. अळणावरजवळच्या एका खेड्यातली चार महिन्यांची मुलगी, नाव रेणुका. जन्मली तेव्हाच माकडहाडापाशी लहानशी गाठ होती. घरच्यांना वाटलं, जिरेल. जिरायची राहिली बाजूला, ती वाढत जाऊन मोठ्या मोसंब्याएवढी झाली, पोरीला उताणं निजवता येईना. आमचे सर्जन डॉ. हेरेकर यांनी ती माकडहाडाच्या टोकासकट काढली. आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे, काढलेली वस्तू स्टीलच्या ट्रेमध्ये घालून बाहेर नातेवाइकांना दाखवली. पैसे भरलेत तर काय काढलं ते बघू द्या, असा तो रिवाज.

त्या गोळ्यात केस होते. चांगले काळे, ओले केस. एका बाजूला हाडाचा कण, नि दातासारखं पांढरं काहीतरी. रेणूची आजी, तुळसाबाई, ट्रेवर वाकली आणि कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "अगं बाई, ह्ये तर जुळं हुतं की!"

ते जुळं नसतं. पण ती वेडगळपणे बोलली असंही नाही. गर्भ अगदी चिमुकला असतो तेव्हा पुढच्या पिढीसाठीच्या बीजपेशी एका ठिकाणी तयार होतात आणि तिथून चालत चालत आपल्या जागी, म्हणजे मुलीच्या बीजकोशात किंवा मुलाच्या अंडकोशात जातात. एखादी वाट चुकते आणि मध्येच कुठेतरी, बहुधा पाठीच्या शेवटाला, बसून राहते. बीजपेशीच ती, तिच्यात सगळं माणूस घडवायचा ऐवज असतो. ती आपली बसल्या जागी कुठे केस घडवते, कुठे चरबी, कुठे दात. अशी गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. पण क्वचित तिच्या एखाद्या कोपऱ्यात गर्भाच्या पोषणाच्या पिशवीसारखा, योक सॅकचा भाग वाढू लागतो, आणि तो मात्र पक्का कॅन्सर. तो कोपरा हरभऱ्याएवढाही असू शकतो. म्हणून आमच्यात नियम आहे: गाठ जितके सेंटिमीटर, निदान तितके तुकडे घ्यायचे. आणि उरलेला भाग रिपोर्ट गेल्यावरही दोन महिने बरणीत जपायचा.

गाठ अकरा सेंटिमीटर होती. मी सहा तुकडे घेतले.

का, म्हणून विचाराल. एक तर मी कापून बघितली, सगळीकडे नुसती चरबी नि पाण्याच्या पिशव्या, शंका यावी असं काही नाही. वीस वर्षांचा डोळा, त्याचाही माज असतो. आणि दुसरं म्हणजे तुळसाबाई.

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आली ती थेट आमच्या तळमजल्याच्या पायरीवर. जवळ फडक्यात बांधलेलं कोरं मडकं. म्हणाली, "आमचं लेकरू द्या बाई. बांधावर पुरतो." आमच्या या भागातल्या बायका 'पुरतो, जातो, येतो' असंच बोलतात. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, मीठ घालून पुरतात, हे मलाही ठाऊक होतं. मी सांगितलं, "आजी, ते लेकरू नाही, गाठ आहे, तपासायची आहे." ती म्हणाली, "तपासा की. मी बसतो." आणि बसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा. जाता-येता मला म्हणायची, "मेलेलं लेकरू असं बरणीत घालून ठेवत्यात काय वो? तुमास्नी पोरंबाळं हाईत न्हवं?"

मला दया आली हे खरं आहे. पण तिचं ते पायरीवर बसणं मला नकोसं झालं होतं, हेही तितकंच खरं आहे. सहा तुकड्यांच्या काचा बघितल्या, सगळं साधं. रिपोर्ट लिहिला, 'कॅन्सर नाही'. आणि बसप्पाला म्हटलं, "उरलेला गोळा देऊन टाक तिला."

बसप्पा जागचा हलला नाही. "साकागूदिल्ल री मॅडम," तो म्हणाला. पुरणार नाहीत, सहा तुकडे पुरणार नाहीत.

"तू मला शिकवणार आता?" मी म्हटलं.

हे वाक्य मी मागे घेऊ शकत नाही. बसप्पानं गोळा निथळून गॉजमध्ये गुंडाळला, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला, तुळसाबाईच्या हातात दिला. तिच्याकडून अर्ज लिहून घेतला, अंगठा घेतला. कागदाची बाजू आमची नेहमी भक्कम. तिनं तो मडक्यात घातला, मडकं कवटाळून मला वाकून नमस्कार केला, आणि मला त्या दिवशी फार पुण्यवान वाटलं.

पाच आठवड्यांनी हेरेकरांचा फोन. "त्या अळणावरच्या मुलीचं एएफपी उतरत नाही हो. थोडं वरच गेलंय." एएफपी म्हणजे रक्तातलं एक द्रव्य, योक सॅकचा कॅन्सर ते सोडतो. पण गंमत अशी की तान्ह्या मुलांच्या रक्तात ते मुळातच भरपूर असतं आणि महिन्या-महिन्यानं उतरतं. त्यामुळे नुसत्या आकड्यावर कोणी छातीठोक सांगत नाही. हेरेकर म्हणाले, "कॅन्सरवाले डॉक्टर म्हणतात, स्लाइडवर दाखवा, तर औषध सुरू करतो. एवढ्याशा पोरीला तसलं औषध संशयावर कसं द्यायचं? कान जातात, किडनी जाते. न द्यावं तर, असलाच तर, पोरगी जाते. तुमच्याकडे उरलेला भाग असेल ना? आणखी तुकडे घ्या."

मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. बसप्पानं न विचारता ते सहाही ब्लॉक, म्हणजे तुकडे बसवलेल्या मेणाच्या वड्या, काढले आणि आणखी खोल काप घेतले. पाचात काही नाही. सहाव्याच्या अगदी कडेला, क्रोशाच्या जाळीसारखी थोडीशी वीण आणि चार-दोन गुलाबी थेंब. संशय घेण्यापुरतं, खात्री देण्यापुरतं नाही. बाकीचा सगळा पुरावा अळणावरच्या एका बांधात, मिठाच्या मडक्यात.

बसप्पा म्हणाला, "होगोण री." जाऊ या. 'मी म्हटलं नव्हतं?' असं तो तेव्हाही म्हणाला नाही आणि पुढेही कधी म्हणाला नाही. तो बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाड्याची गाडी करून गेलो. भात लावणी झालेली, शेतं पाण्यानं भरलेली. गाडी रस्त्यावर सोडून चपला हातात घेऊन बांधावरून चालत गेलो. मी तर दोनदा चिखलात बसले. रेणूचा बाप गोव्याला गवंडीकामावर. घरात तुळसाबाई आणि रेणूची आई शालन, बावीस-तेवीस वर्षांची, काटकुळी, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी.

मी काय सांगितलं? मी म्हटलं, "मोठ्या डॉक्टरांना आणखी तपास हवाय. तो गोळा परत लागेल." मोठे डॉक्टर! जसं काही मी कंपाउंडर होते. माझं चुकलं, हे दोन शब्द काही मी बोलले नाही.

तुळसाबाई ताडकन उठली. "पुरलेलं लेकरू उकरायचं? घरादाराचं वाट्टोळं करायला आलायसा काय?" ती तरातरा गेली आणि बांधावर करंजाच्या झाडाखाली, जिथं मडकं पुरलं होतं तिथंच, फतकल मारून बसली. "आधी मला पुरा. मग ते काढा."

मी बसप्पाकडे बघितलं. बसप्पा कन्नडात, मराठीत, दोन्हीत विनवत होता. म्हातारी ढिम्म. मला वाटलं, संपलं. आता हात हलवत परत जायचं, आणि ती पोर डोळ्यांदेखत…

शालन इतका वेळ माझ्याकडे टक लावून बघत होती. मग तिनं छातीशी धरलेली रेणू सोडवली आणि सरळ माझ्या हातात दिली. "धरा," म्हणाली.

वीस वर्षांत मी पेशंट हातात घेतला नव्हता. सगळी माणसं माझ्याकडे तुकड्यांतूनच आली. आणि हे अख्खं, ऊबदार, दुधाचा वास येणारं ओझं माझ्या खांद्यावर मान टाकून उचकी देत होतं. तिच्या पाठीशी हात गेला, ऑपरेशनचा व्रण लागला, आणि मला भडभडून आलं. मी रडले. हो, बांधावर उभी राहून, बसप्पासमोर, चांगली हमसून रडले.

शालननं खोरं उचललं. सासूसमोर जाऊन उभी राहिली. "आत्या, उठा."

"तुझ्या पोटचं हाय ते पण!"

"व्हय. माझ्याच पोटचं. ते गेलं. ही जित्ती हाय. मला जित्तीचं बघू द्या." आणि मग हळू आवाजात, "उठा न्हाईतर तुमच्यासकट खणतो."

म्हातारी उठली. तोंड फिरवून झाडाला टेकून बसली आणि तिनं पदर डोळ्यांवर ओढला. शालननं एकटीनं खणलं. बसप्पा मदतीला पुढे झाला तर तिनं त्याला हातानंच थांबवलं. मडकं निघालं. तिनं ते पुसलं, कडेवर घ्यावं तसं कडेवर घेतलं, बसप्पाच्या हातात दिलं, आणि पोर माझ्याकडून परत घेतली.

आमच्याकडच्या फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडे टिकवायच्या औषधात, मुरलेला नि मिठात ठेवलेला गोळा जवळजवळ जसाच्या तसा होता. या वेळी आम्ही काही शिल्लक ठेवलं नाही. सगळा कापला. बसप्पा दोन दिवस घरी जेवायलासुद्धा गेला नाही. माकडहाडाच्या बाजूच्या तुकड्यात, अगदी कडेला टेकून, ते सापडलं. बारीक रक्तवाहिनी, तिच्याभोवती पेशींचा गजरा, आणि त्याभोवती मोकळी जागा. या आकृतीला दोन जुन्या डॉक्टरांची नावं आहेत, आम्ही परीक्षेपुरती ती पाठ करतो आणि आयुष्यात एखाद-दोनदा बघतो. इतकी सुबक होती ती, की पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. लगेच स्वतःची लाज वाटली.

मी सुधारित रिपोर्ट लिहिला. 'आणखी तुकडे तपासल्यावर' असं वाक्य घातलं. आणखी तुकडे कुठून आले, आधी का नव्हते, हे त्यात नाही. कोणी विचारलंही नाही. केस आणि तो दातासारखा कण मी वेगळे काढून ठेवले होते, ते बसप्पानं स्वतः जाऊन तुळसाबाईला दिले. तिनं ते पुन्हा पुरले. माझ्याबद्दल मात्र ती बसप्पाला एवढंच म्हणाली, "त्या बाईला सांग, आता पुन्हा येऊ नको."

औषध सुरू झालं. रेणूचे केस गेले, पुन्हा आले. ती दोनदा अगदी हातातून जाते की काय अशी झाली आणि दोनदा सावरली. या जातीचा कॅन्सर औषधाला चांगला दबतो, आमच्या शास्त्रातल्या थोड्या आनंदाच्या गोष्टींपैकी ती एक. आकडा उतरत उतरत साध्या माणसासारखा झाला. दोन्ही कान मात्र मंदावले. हेरेकर मला म्हणाले होते, पाच आठवडे आधी कळलं असतं तरी औषध हेच द्यावं लागलं असतं. तसंच असेल. मी त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही, न जाणो, दुसऱ्यांदा त्यांनी वेगळं उत्तर दिलं तर!

बसप्पा माझ्याआधी रिटायर झाला. निरोपसमारंभात मी त्याच्यावर पंधरा मिनिटं बोलले, त्याच्या हाताच्या कौशल्यावर, त्या स्प्रिंगवर, शेटजींच्या बरणीवर. लोक खूप हसले. या केसबद्दल त्या भाषणात एक अक्षर नव्हतं. तो पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होता.

गेल्या वर्षी शालन माझ्या घरी आली. रेणूच्या कानाचं मशीन दुरुस्त करायला हुबळीला आली होती, बसप्पाकडून पत्ता काढला, आणि घरचा नवा तांदूळ घेऊन केशवापुरात हजर. सासू दोन वर्षांपूर्वी गेली म्हणाली. रेणू पाचवीत. दोन वेण्या, कानांमागे मशीन, माझ्या दिवाणखान्यात उभी राहून भिंतीवरचं कॅलेंडर मोठ्यानं वाचत होती, मराठी आकडेही आणि कन्नड आकडेही.

मी चहा केला. कप तिच्यापुढे ठेवला आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी उभ्या-उभ्याच म्हटलं, "शालन, तेव्हा मी मोठ्या डॉक्टरांचं नाव पुढे केलं, ते नुसतं निमित्त होतं. चूक माझी होती. मी पुरेसे तुकडे न घेता गोळा देऊन टाकला. तुझ्या पोरीचा जीव माझ्यामुळे टांगणीला लागला होता."

तिनं बशीत चहा ओतला, फुंकला, प्याली. मग म्हणाली, "ठावं हाय की मला."

"कोणी सांगितलं? बसप्पानं?"

"न्हाई वो. कुणी कशाला सांगाय पायजे? दुसऱ्या कुणाची चुकी असती तर तुमी चिठ्ठी धाडली असती, न्हाईतर फोन केला असता. तुमच्यासारखी बाई चपला हातात घेऊन चिखलातनं आमच्या बांधावर आली, तवाच मी वळखलं." तिनं बशी खाली ठेवली. "म्हणून तर खोरं घेतलं मी हातात. तुमी म्हणला त्या मोठ्या डॉक्टरासाठी मी माझं लेकरू उकरलं नसतं."